डे म्हणणारी माणसं

एडिनबरोच्या शब्दकोशवाल्यांना मेलेला साक्षीदार एकटा चालत नाही, हे मला ऑक्टोबरात कळलं. बाबा फेब्रुवारीत गेले होते.

त्यांचा कागद मला सप्टेंबरात सापडला. ड्रमफर्न इस्टेटीच्या भिंतीआतल्या पार्कात त्यांनी एकेचाळीस वर्षं हरणं राखली, आणि राखणदाराचं घर आता इस्टेटीला परत द्यायचं होतं. शनिवारी-रविवारी मी पर्थहून येऊन एकेक खण रिकामा करत होते. सुतळी, खुरं साफ करायचे चाकू, गळालेल्या शिंगांची टोकं. त्याखाली हे छापील पत्रक. आमच्या जुन्या बोलीचा मोठा कोश करणाऱ्यांनी ते गावोगावी पाठवलं होतं. कोणते शब्द तुमच्याकडे अजून बोलतात, कोण बोलतं, अर्थ काय, एवढं भरून पाठवा, असं. बाबांनी ते पेन्सिलीनं भरलं होतं. तारीख अकरा जानेवारी. पाठवलेलं नव्हतं.

त्यांनी एकच शब्द लिहिला होता.

‘डे. पार्कातलं ठिपक्यांचं हरीण. खरं तर मादी, पण आम्ही सगळ्या कळपालाच म्हणतो. डोंगरातलं लहान ते रे, भिंतीआतलं ते डे. मी म्हणतो. एबेनेझर डाउ म्हणतो. मुलगी म्हणत नाही.’

मुलगी म्हणत नाही, हे खरं होतं. अकराव्या वर्षी मला शिष्यवृत्ती मिळाली आणि मी पर्थच्या मोठ्या शाळेत गेले. घरची बोली वर्गात तोंडून निघाली की हातावर चामड्याचा पट्टा बसायचा. दोन पट्ट्यांत मी शहाणी झाले. नाताळच्या सुट्टीत घरी आले तेव्हा इस्टेटीचे मॅनेजर चहाला बसलेले होते. बाबा त्यांना सांगत होते की दोन डे लंगडतायत. मी मध्येच म्हणाले, “बाबा, डे नाही म्हणायचं. फॅलो हरीण म्हणायचं.” मॅनेजर हसले. बाबाही हसले. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी तो शब्द कधी काढला नाही. भिंतीपलीकडे, कळपात असताना, त्यांचा आवाज यायचा. मी फाटकाशी पोचले की ते गप्प व्हायचे. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले.

मी कागद पाकिटात घालून एडिनबरोला पाठवला. आठवड्यात मिस पिटकेर्न नावाच्या बाईंचं उत्तर आलं. हा शब्द त्यांच्याकडे होता. राजाच्या शिकारीच्या कायद्यांत, जुन्या मेजवान्यांच्या याद्यांत. पण गेल्या साडेतीनशे वर्षांत त्याचा कुठेही माग नव्हता, म्हणून त्याच्यापुढे मेल्याची खूण पडली होती, एक छोटा क्रूस. ती पानं नोव्हेंबरअखेर छापखान्यात जाणार होती. ‘तुमच्या वडिलांचा कागद मोलाचा आहे,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘पण तो एकटा पडतो. दुसऱ्या जिवंत माणसाच्या तोंडून, कुणी न सुचवता, हा शब्द ऐकायला मिळाला तर क्रूस काढता येईल. शनिवारी सव्वीस तारखेला मी तुमच्या भागात आहे. कृपया साक्षीदाराला शब्द आधी सांगू नका.’

साक्षीदार एकच उरला होता. एबेनेझर डाउ, म्हणजे माझ्या आईचा भाऊ, एबी मामा. तो पूर्वी बाबांच्या हाताखाली राखणदार होता. त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात, बर्फात कळपाला गवत कुठे टाकायचं यावरून, दोघांचं भांडण झालं, त्यानं नोकरी सोडली आणि पार्काच्या उत्तर भिंतीपलीकडच्या झोपडीवजा घरात राहायला गेला. अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

बाबांच्या अंत्यविधीलाही तो आत आला नव्हता. आमच्याकडे शवपेटी खड्ड्यात उतरवायला आठ दोऱ्या असतात, माणूस जितकं जवळचं तितकी त्याची दोरी डोक्याकडे, आणि कोणती दोरी कुणी धरायची याची चिठ्ठी आधी त्याच्या घरी जाते. मामाला चिठ्ठी गेली होती. काळा सूट घालून तो दफनभूमीच्या फाटकापर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला. त्याची दोरी पेटीवाल्याच्या माणसानं धरली. ते मी विसरले नव्हते.

तरी रविवारी चर्च सुटल्यावर मी त्याच्या दाराशी गेले.

दार उघडून त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “कोण मेलं आता?”

“कुणी नाही. आत येऊ का?”

“तू यायची म्हंजे कुणीतरी मरावं लागतं, म्हणून विचारलं. ये. पाय पूस.”

त्याची कुत्री शेगडीसमोर पसरली होती. तिनं एक डोळा उघडून मिटला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

“एडिनबरोची बाई,” मामा म्हणाला, “माझं बोलणं ऐकायला येणार. मी काय पोपट हाय?”

“त्यांना एक शब्द हवाय.”

“कुठला?”

“तो मी सांगायचा नाही, असा नियम आहे.”

“म्हंजे मी काय बोलायचं ते मला ठाऊक नाय, आन ती ते ऐकायला साठ मैल येणार. तुमच्या शिकलेल्या लोकांचं बरंय, मास्तरीणबाई.”

“तुम्ही नेहमीसारखं बोला, एवढंच.”

“मी नेहमी बोलतच नाय. हिच्याशी बोलतो.” त्यानं पायानं कुत्रीला डिवचलं. मग खिडकीकडे पाहत म्हणाला, “गिबचं काय काम हाय ह्यात?”

गिब म्हणजे बाबा. गिल्बर्ट क्रेरार. “त्यांनीच सुरू केलं होतं हे. त्यांचं राहून गेलंय.”

“त्याच्यासाठी मी काही करणार नाय. सांगून ठेवतो.” मी पायरी उतरले तेव्हा तो मागून ओरडला, “कसला केक खातात एडिनबरोच्या बायका?”

शनिवारी दोन वाजता मी मिस पिटकेर्नना बसथांब्यावरून घेऊन आले. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बुटांना आधीच कुठल्यातरी शेताचा चिखल लागलेला. टेपरेकॉर्डरची जड पेटी त्यांनी मला धरू दिली नाही. परतीची बस चार-दहाला होती, आणि शनिवारी ती शेवटची. वाटेत त्यांनी पुन्हा बजावलं, “शब्द तुमच्या तोंडून आधी येता कामा नये. नाहीतर आमचे संपादक म्हणतील, साक्षीदाराला पढवलं.” पार्कात नरांचा माज चालू होता. भिंतीआडून त्यांचं ते घोरल्यासारखं, डुकरासारखं ओरडणं सारखं येत होतं.

दार मामानं उघडलं. त्यानं तोच काळा सूट घातला होता. केस पाण्यानं चापून बसवलेले. टेबलावर आईच्या माहेरचे सोनेरी काठाचे कप, दुकानातून आणलेला केक, आणि कुत्री बाहेर बांधलेली.

“प्रवेश करावा,” मामा म्हणाला. “आपण आमच्या निवासस्थानी आलात, हा आमचा सन्मान आहे.”

आमच्या लोकांचं हे असंच आहे. घरात, शेतात, जनावरांत एक तोंड. डॉक्टर, पाद्री, साहेब किंवा शहरातली बाई समोर आली की दुसरं. कुणी शिकवत नाही, आपोआप होतं. वीस वर्षं मी वर्गातल्या मुलांना हे दुसरं तोंड शिकवत आले होते, आणि तरी मला हे आधी सुचलं नव्हतं. नेहमीसारखं बोला, असं मी त्याला सांगितलं होतं. पाहुण्या बाईसमोर त्याचं नेहमीचं बोलणं हेच होतं.

मिस पिटकेर्ननी टेप सुरू केला. कामाबद्दल विचारलं. मामा उत्तरं देत गेला, प्रत्येक वाक्य प्रार्थनेला उभं राहिल्यासारखं.

“आपण किती वर्षं पार्कात काम केलंत?”

“एकूण सव्वीस वर्षे, बाईसाहेब.”

“हिवाळ्यात त्यांना काय खायला घालायचात?”

“सुके गवत, सलगम आणि ऋतूनुसार चेस्टनटची फळे.”

भिंतीपलीकडे एक नर घशातून घुरघुरला. मिस पिटकेर्ननी कान टवकारले. “हा कसला आवाज?”

“तो एक नर प्राणी आहे, बाईसाहेब. सध्या त्याचा विवाहाचा हंगाम चालू आहे.”

“आणि त्याच्या मादीला इथले लोक काय म्हणतात?”

मी कप खाली ठेवला.

“फॅलो हरणाची मादी,” मामा म्हणाला. “असेच म्हणणे योग्य आहे. केक घ्यावा.”

सव्वातीन वाजले. मग साडेतीन. बाईंनी दहा वाटांनी फिरवून विचारलं. कळप कसा मोजता, बोलावता कसं, पिल्लं कधी होतात. मामानं दहाही वेळा त्यांना छापील उत्तर दिलं, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे पाहिलं, पोरी, बघ कसं शुद्ध बोलतोय, अशा नजरेनं. त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो माझ्यासाठीच एवढं करत होता आणि त्यामुळेच सगळं बुडत होतं.

पावणेचारला मिस पिटकेर्ननी घड्याळ पाहिलं. मला त्यांच्या बोटांकडे बघवेना. ती टेपच्या बटणापाशी गेली होती. ते बटण दाबलं गेलं असतं तर बाबांच्या कागदाचं काम संपलं असतं, आणि त्यांच्या शब्दापुढे क्रूस राहिला असता.

मामाला त्या सुटातून बाहेर काढणारी एकच गोष्ट मला माहीत होती.

“मामा,” मी म्हणाले, “त्रेसष्टच्या बर्फाचं सांग की बाईंना. गवत कुठं टाकायचं तेच तुला कळलं नव्हतं म्हणं.”

इतक्या वर्षांनी ती बोली तोंडात जडच वाटली. आणि मी त्याला अरे-तुरे केलं होतं. मामाचा कप बशीवर टेकला.

“असे कोण म्हणते?”

“बाबा म्हणायचे.” हे खोटं होतं.

“युफीमिया, तो विषय आज नको.”

“का नको? खरं हाय म्हणून? सतरा मेली. तुझं ऐकलं असतं तर चाळीस मेली असती, असं म्हणायचे बाबा. गवत भिंतीच्या आत टाकलं तेच बराबर व्हतं.”

त्याचे कान आधी लाल झाले. मग मान. मग तो उभाच राहिला.

“आत? आत टाकून कोण खाणार व्हतं ते, भिंत? बर्फ भिंतीच्या माथ्याला टेकलेलं! डे चालत गेल्या त्याच्यावरनं, शहाणे, चालत! उडी मारायची पण गरज पडली नाय! चाळीस डे बाहेर जंगलात पोटाला चिमटा घेऊन उभ्या, आन तुझा बाप आत गवताचे भारे मांडून बसलाय, जावई येणार असल्यागत!”

“परत येणारच व्हत्या की डे! म्हातारी डे पुढं चालते, ती वाट इसरत नाय, बाकीच्या तिच्या मागं येतात!”

“म्हातारी डे पैल्याच दिवशी मेली व्हती, एफी! ओढ्यात पाय मोडून! मी उचलून बाजूला ठेवली तिला, ह्या हातांनी! पुढं चालणार कोण? तुझा बाप चालणार व्हता?”

“मग सांगायचंस त्यांना!”

“सांगितलं! म्हणाला, राखणदार मी हाय का तू. चार दिवस मी खांद्यावर गवत नेऊन जंगलात टाकलं. एकट्यानं किती नेणार? किती न्यावं माणसानं?”

त्याचा आवाज फाटला. बाहेर बांधलेली कुत्री भुंकायला लागली. मिस पिटकेर्ननी मायक्रोफोन बोटभर पुढे सरकवला.

मला हवं होतं ते मिळालं होतं. मी तिथे थांबू शकले असते. पण समोर सत्तरीचा माणूस खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता, आणि माझ्या खोटेपणानं त्याला तसं उभं केलं होतं.

“मामा, बस,” मी म्हणाले. “बाबा असं कधीच म्हणाले नाहीत. मी बनवून सांगितलं.”

तो बसला नाही.

“जानेवारीत, दवाखान्यात असताना म्हणाले, एबीचं बरोबर होतं. गवत भिंतीबाहेरच न्यायला हवं होतं. त्याला सांग, म्हणाले.”

त्यानं खुर्चीची पाठ सोडली.

“आन तू सांगितलं नाहीस,” मामा म्हणाला.

“नाही.”

“नऊ महिने.”

“तू दोरी धरली नाहीस. फाटकापाशी उभा राहिलास, सगळ्या गावादेखत. मला राग आला होता.”

“चिठ्ठी तू पाठवलीस. लोक काय म्हणतील म्हणून. मला काय कळत नाय? ज्यानं अकरा वर्षं तोंड फिरवलं, त्याच्या पेटीला मी पोरीच्या भिडेपोटी हात लावू?”

“यादी बाबांनीच करून ठेवली होती. त्यांच्या अक्षरात आहे, घरी आहे, दाखवते. तिसरी दोरी तुझी. डाव्या खांद्याची.”

“खांद्याची ती गिबनं दिली?” मामा म्हणाला.

“पायाकडची मॅनेजरना दिली होती.”

मामा बसला. टायची गाठ सैल केली, मग टायच काढून टेबलावर ठेवला. खिडकीतून उत्तरेची भिंत दिसत होती. तिच्यावरून एक नर मान ताणून आमच्याकडेच बघत होता, चिखलानं माखलेला, शिंगांचे पंजे पसरलेले.

“मॅनेजरला पायाकडची,” तो स्वतःशीच म्हणाला. त्याचे खांदे हलू लागले. मला क्षणभर कळलं नाही की तो हसतोय का रडतोय. बहुधा त्यालाही कळलं नसावं. मी उठून किटली पुन्हा शेगडीवर ठेवली, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. बाबा गेल्यापासून मी कुणाच्या घरात असं न विचारता किटलीला हात लावला नव्हता.

“माफ करा,” मिस पिटकेर्न हळूच म्हणाल्या. “टेप संपत आलाय. पण तुम्ही तो शब्द तीन वेळा म्हणालात, मिस्टर डाउ. कुणीही न सुचवता.”

“कोणता शब्द?”

“डे.”

मामा त्यांच्याकडे बघत राहिला. “ह्याच्यासाठी? डेसाठी? आवो बाई, मग मला इचारायचं तरी सरळ!”

“विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, फॅलो हरणाची मादी.”

“मग! तुम्ही पाव्हण्या. पाव्हण्यांसमोर डे म्हणतात व्हय!”

मिस पिटकेर्न मोठ्यानं हसल्या, त्यांच्या मानानं फारच मोठ्यानं, आणि केकचा दुसरा तुकडा उचलला. मग पिशवीतून एक छापील कार्ड काढून त्यांनी ते गुडघ्यावर ठेवलं. गाव, नाव, वय, व्यवसाय. मामाचं सगळं लिहून झालं. एकाहत्तर, निवृत्त राखणदार.

“संपादकांना मी ओळखते,” त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. “ते म्हणतील, एक मेलेले आणि एक एकाहत्तर वर्षांचे. क्रूस आज काढायचा आणि दहा वर्षांनी परत टाकायचा, त्यात काय अर्थ? त्यांना दुसऱ्या पिढीतलं कुणीतरी लागतं. नशिबानं ते आपल्याकडे आहे.” त्यांनी दुसरं कार्ड काढलं. “बोला.”

“कुणाबद्दल?” मी विचारलं.

“तुमच्याबद्दल. तुम्ही दोन वेळा म्हणालात. दोन्ही वेळा मामांच्या नंतर, पण त्यांचं ऐकून म्हणालात असं काही वाटलं नाही. फार रागात होता तुम्ही.”

मला आठवेना. मी खरंच आठवून पाहिलं. गवत आठवलं, म्हातारी आठवली, तिच्या मागून येणाऱ्या बाकीच्या आठवल्या. पण मी काय म्हणाले, कोणत्या शब्दात म्हणाले, ते काही केल्या आठवेना.

“म्हणाली ना,” मामा म्हणाला. “चांगली ठणकावून म्हणाली. चुकीचं बोलत व्हती ते सोडा.”

बस चुकली होती. पाच मिनिटांपूर्वी ती खालच्या वळणावरून गेलेली आम्हा तिघांनाही ऐकू आली होती, आणि कुणी उठलं नव्हतं. मामा दारापाशी जाऊन कुत्रीला सोडत होता. ती आत आली, मिस पिटकेर्नचे चिखलाचे बूट हुंगले आणि त्यांच्यावरच डोकं टेकून पसरली.

“शब्द कुणाकडून शिकलात?” मिस पिटकेर्ननी विचारलं.

“वडिलांकडून.”

“व्यवसाय?”

“शिक्षिका.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं. “वय?”

“बेचाळीस.”

“मंगळवारी त्रेचाळीस,” मामा दारातून म्हणाला. “नीट लिवा, बाई. छापून येणार हाय ते.”